देवमासा हलला

१

नामदेव तामोरे समुद्रात नाहीसा झाला त्याला सहा महिने उलटून गेले होते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी भर दुपारी, त्याने आपली सगळी नाणी हलवली.

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. मी दिग्विजय गिरवलकर. बोईसर स्टेशनजवळ लोकांची टॅक्सची कामं करतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कारण त्यांच्याकडे पॅन कार्ड नसतं.

नाणी म्हणजे खिशात खुळखुळणारी नव्हेत. ‘मोहर’ नावाचं एक लहानसं क्रिप्टो टोकन आहे. आमच्या पट्ट्यात त्याचं वेड कसं पसरलं देव जाणे, पण कारखान्यातल्या ऑपरेटरपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी ते घेऊन ठेवलं होतं. या व्यवहाराची गंमत अशी, की कुठल्या खात्यातून किती नाणी कुठे गेली हे साऱ्या जगाला दिसतं, फक्त खातं कोणाचं ते दिसत नाही. ज्याच्याकडे नाण्यांचा ढीग, त्याला हे लोक देवमासा म्हणतात. देवमासा कुशीवर वळला की आसपासच्या होड्यांची धडगत नसते, म्हणून सगळे त्याच्यावर डोळा ठेवून असतात. मोहरचा हा देवमासा तीन वर्षं निपचित पडून होता. मंगळवारी मी जेवायला बसलो आणि मोबाइलच्या दुकानवाल्या मेहुलच्या ग्रुपवर मेसेज आला: देवमासा हलला.

तासाभरात भाव निम्म्यावर आला. मोठा माणूस विकतोय म्हणून सगळ्यांनी विकलं, आणि सगळ्यांनी विकलं म्हणून भाव पडला. मीही विकलं. उजवा हात वरणभाताचा होता, म्हणून डाव्या हाताने विकलं.

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायला गेलो तर पायरीवर पुष्पलता बसलेली. ही नामदेवची बायको. नामदेव तारापूरजवळच्या एका किनारगावचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य माणूस. दिवाळीनंतरच्या एका फेरीत पहाटे खलाशी उठले तर सुकाणूवर कोणी नव्हतं. शोध झाला, चार गावांच्या होड्या फिरल्या, पण काही मिळालं नाही. पुष्पलताने मंगळसूत्र काढलं नाही आणि दिवसकार्यही होऊ दिलं नाही. वाहवत गेला असेल, पलीकडच्या देशाने पकडून नेला असेल, अशी माणसं वर्षांनी परत येतात, असं ती म्हणायची. तसं कधीमधी घडतंही, त्यामुळे तिला खोटं पाडायचं कोणाला जमत नव्हतं.

होडीचे कागद मी करतो, म्हणून ती माझ्याकडे आली होती. काल संध्याकाळी मेहुल तिच्या घरी येऊन गेला होता. तो देवमासा म्हणजे नामदेवच, असं त्याने तिला सांगितलं. खातं मेहुलच्याच दुकानात उघडलं होतं, आणि ते उघडायचे शब्द नामदेवशिवाय जगात कोणालाच ठाऊक नव्हते. भाव चढला की पडला याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

“भाऊ,” ती म्हणाली, “नाणी हलली म्हंजे हलवणारा हाय ना? हिनाचा बापूस जिता हाय का, तेवडं मला सांगा.”

२

मी तिला पाणी दिलं, पंखा वाढवला, खुर्ची पुढे सरकवली. याहून जास्त मला काही सुचलं नाही. ज्याचा मृत्यू नोंदलेला नाही, ज्याचं प्रेत मिळालेलं नाही आणि जो भर दुपारी व्यवहार करतो, अशा माणसाला काय म्हणायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. दोन दिवसांनी सांगतो म्हणालो आणि ती गेल्यावर शटर अर्धं ओढून थेट उत्कर्षावहिनींकडे गेलो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मूळचे आम्ही लातूरकडचे. भाऊ इथल्या वीजकेंद्रात लागला म्हणून सगळं बिऱ्हाड इकडे आलं. वहिनी तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात आहेत. काही फुटलं, गळलं, पेटलं की सगळे बाहेर पळतात. सगळं थंड झालं की वहिनी आत जातात आणि हे का झालं ते शोधतात. त्यांचा प्रश्न एकच असतो, त्याच्या आधी काय झालं? घरात दूध उतू गेलं तरी हाच प्रश्न. माझा भाऊ त्या प्रश्नाला जाम टरकून असतो.

गवार मोडता मोडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी माझ्या परीने तीन शक्यता मांडल्या. एक, नामदेव जिवंत आहे. दोन, कोणीतरी चोरी केली. तिसरी मला सुचलीच नाही, पण दोनच म्हणणं बरं दिसत नव्हतं.

“तुमचे विकणारे-घेणारे राहू देत, भावोजी,” वहिनी म्हणाल्या. “ती बाई आजपासून दोन ताटं वाढणार. आपण चुकीचं उत्तर दिलं, तर ती जन्मभर वाढत राहील.”

गवारीची परात बाजूला ठेवून त्या उठल्या आणि चप्पल पायात सरकवली.

३

मेहुलचं मोबाइलचं दुकान बोईसरच्या बाजारात आहे. पुढे कव्हर आणि चार्जर, मागे काचेची खोली, आत एसी आणि भिंतीवर तीन पडदे. माणूस गोड बोलतो आणि फुकट ज्ञान देतो, म्हणजे धोकादायक. देवमाशाच्या हालचालीचा अर्थ कसा लावायचा हे त्याने आम्हाला अर्धा तास समजावलं. नाणी एक्स्चेंजकडे, म्हणजे जिथे त्यांची खरेदी-विक्री होते तिकडे गेली, तर तो विकणार. तिकडून बाहेर आली तर साठवणार. तुकडे करून नव्या खात्यांत टाकली, तर तो लपूनछपून विकायची तयारी करतोय. ऐकता ऐकता मला पटत गेलं. मग लक्षात आलं की काहीही झालं तरी याच्याकडे अर्थ तयार असतो, आणि माझा होता तो विश्वासही उडाला.

“आणि यातलं काहीच नसलं तर?” वहिनींनी विचारलं.

तसं होत नाही, मेहुल म्हणाला. वहिनींनी मंगळवारचा व्यवहार पडद्यावर लावायला सांगितला. नाणी आठ नव्या खात्यांत गेली होती. पहिला तुकडा मोठा, दुसरा त्याच्या निम्मा, आणि मग सहा तुकडे अगदी सारखे. दर दोन तुकड्यांच्या मध्ये बराच वेळ गेलेला. आणि त्या आठांतून एक नाणंही पुढे सरकलं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे पडून होतं.

मग मंगळवारी विकलं कोणी, असं वहिनींनी विचारलं तेव्हा मेहुलने माझ्याकडे पाहिलं आणि मी एसीकडे पाहिलं. तुम्हीही विकलं का, असं त्यालाही विचारलं. आधी त्याने मान खाजवली, मग कबूल केलं की भाव तळाला गेल्यावर त्याने घेतलं. धंदा आहे मॅडम, म्हणाला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण मेसेज त्याने फक्त पाठवला होता. विकायचं बटण माझ्याच बोटाने दाबलं होतं.

वहिनींना या सगळ्यात रस नव्हता. खातं उघडलं त्या दिवसाबद्दल त्या विचारत राहिल्या. तीन वर्षांपूर्वी नामदेवच्या जाळ्यात मोठी घोळ लागली होती. तो मासा सोन्याच्या भावाने जातो. ते पैसे घेऊन नामदेव तडक इथे आला. मोहर तेव्हा मातीमोल होतं, म्हणून एका होडीची कमाई टाकून माणूस देवमासा झाला. मशीन बारा इंग्रजी शब्द देतं. ते क्रमाने ज्याच्याकडे, त्याची नाणी. नामदेव कागदाला हात लावेना. कागद चोरता येतो, मी पाठ करतो, म्हणाला. ते आपल्याला दिसू नयेत म्हणून मेहुल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“एकटाच होता?”

“नाही, अख्खी पलटण होती. खलाशी बाहेर उभे होते. मध्ये मध्ये एकेक जण एसीची हवा खायला आत येऊन जायचा.”

वहिनी उठल्या. आम्ही दारापर्यंत आलो असू, तेवढ्यात मेहुल मागून म्हणाला की एक गोष्ट सांगायची राहिली. दहा-बारा दिवसांपूर्वी नामदेवची मुलगी हिना दुकानात आली होती. नाणी ठेवायचं खातं आपल्या मोबाइलवर कसं उघडायचं, ते विचारायला.

४

हिना पालघरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर आम्ही तिला स्टेशनबाहेरच्या चहाच्या दुकानात गाठलं. मुलगी आईसारखीच सरळ बसते आणि आईपेक्षा कमी बोलते. वहिनींनी तिला काही खोदून विचारलं नाही. आठ तुकड्यांतला एक तुझ्या मोबाइलवर आहे ना, एवढंच म्हणाल्या.

तिने मोबाइल उघडून समोर ठेवला. सहा सारख्या तुकड्यांतला एक तिथे होता. मला वाटलं, संपलं. बापाची नाणी मुलीने घेतली, आता पुष्पलताला काय तोंड दाखवायचं? पण हिनाला आपण काय केलंय तेच माहीत नव्हतं. दिपेशकाकाने खातं उघडायला सांगितलं, तिने उघडलं. मंगळवारी काकाचा फोन आला की तुझ्याकडे काही येईल, ते जपून ठेव, बाबांचं आहे, आईला बोलू नको. ग्रुपवरचा गोंधळ पाहिल्यावर हे काय आहे ते तिच्या ध्यानात आलं. तेव्हापासून तिला झोप नव्हती.

दिपेश म्हणजे नामदेवचा धाकटा भाऊ. नामदेव गेल्यावर होडी तोच चालवतो. काकाला तू का विचारलं नाहीस, असं वहिनींनी म्हटल्यावर हिनाने बराच वेळ कप फिरवला.

“बाबा गेले तेव्हा काका होडीवर होता,” ती म्हणाली. “काकाने शब्द बाबांकडून कसे काढून घेतले असतील, या विचारापुढे माझं डोकं जातच नाही.”

माझंही जात नव्हतं. परतताना रिक्षाने उमरोळी गाव मागे टाकल्यावर मी वहिनींना म्हटलं, आता पोलिसांकडे जाऊ. त्या म्हणाल्या, आधी होडी बघू.

५

गावात पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झालेली, त्यामुळे बोंबील वाळवायच्या काठ्या रिकाम्या आणि किनाऱ्यावर होड्यांची रांग. नामदेवची होडी वरच्या अंगाला, ओंडक्यांवर चढवलेली होती. दिपेश तिच्यावर प्लास्टिक बांधत होता. शेजारी जिव्याकाका नावाचा म्हातारा खलाशी दोरी धरून बसला होता. त्याने मला कुठले म्हणून विचारलं, मी बोईसर म्हणालो. गाठ मारून झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं, कुठले? मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर दिपेशने हळूच त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

दिपेश आडदांड माणूस, पण नजर वर करत नव्हता. दादाच्या नाण्यांचं आपल्याला काही माहीत नाही, आपण साधी माणसं, असं पहिल्या दमात सांगून मोकळा झाला. मला लगेच संशय आला. वहिनींनी मात्र नाण्यांचा विषयच सोडला. होडी कधी ओढली, विचारलं. मंगळवारी, म्हणाला. सकाळी भरतीला वर घेतली, नंतर बसून हंगामाचे वाटे केले. वाटे कसे करता, असं वहिनींनी विचारल्यावर त्याला जरा बरं वाटलं असावं. होडीचा मोठा वाटा, जाळ्याचा त्याच्या निम्मा, आणि मग तांडेल असो की पोरगा, माणसागणिक सारखा, असं तो सांगू लागला. जो फेरीला चढला त्याचा वाटा निघतोच, आजारी पडून झोपून राहिला तरी.

जाता जाता वहिनींनी सहज विचारलं की ती नाणी खलाशांपैकी कोणी हलवली असतील का.

“आमच्यातल्या एकट्याला कोणाला ते जमणार नाय,” दिपेश म्हणाला, आणि पुन्हा गाठीकडे वळला.

मला त्यात काही वाटलं नाही. वहिनी मात्र दोन पावलं जाऊन थांबल्या, आणि मग चालू लागल्या.

घरी पुष्पलता देवापाशी दिवा लावत होती. हिना आमच्या मागोमाग पोचली आणि दाराशीच उभी राहिली. दिवा लावताना पुष्पलता काहीतरी पुटपुटत होती. त्यात दोन शब्द इंग्रजी होते. म्हटलं, या घरच्या देवाला इंग्रजीही येत असेल. आमच्यासाठी चहा टाकता टाकता ती दिराबद्दल कुरकुरली. हिनाच्या बापाच्या जुन्या मोबाइलचं लॉक उघडायचंय, आतले फोटो काढून देतो, असं म्हणून दिपेश मंगळवारी सगळं विचारून गेला. फोटो काही अजून दिले नाहीत.

वहिनींचं लक्ष देव्हाऱ्याकडे होतं. त्याच्या शेजारी भिंतीत एक लोखंडी कडी होती आणि कडीला एक लाल कुलूप. दार नाही, पेटी नाही, नुसत्या कडीला कुलूप. हे कसलं, वहिनींनी विचारलं. पुष्पलता म्हणाली, हिनाचा बाप पावसाळ्यात तारापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जायचा, तिथलं. समुद्रात जाताना ते कडीला लावायचा, किल्ली गळ्यात घालून जायचा, आणि परत आला की चहाच्या आधी ते काढायचा. या खेपेला लावलेलं तसंच होतं.

वहिनींनी ते कुलूप तळहातावर घेऊन उलटून पाहिलं. मग दाराशी उभ्या हिनाला म्हणाल्या, “काकाला बोलव. एकट्याला नको. सगळ्या खलाशांना.”

६

पाचही जण ओटीवर येऊन बसले. दिपेश, जिव्याकाका आणि बाकीचे तिघे. हिना आईला टेकून बसली. मी भिंतीला पाठ लावून बसलो, म्हणजे भांडण झालं तर निदान मागून कोणी येणार नाही.

वहिनींनी आवाज चढवला नाही. कारखान्यातल्या लाल कुलपापासून त्यांनी सुरुवात केली. मोठ्या मशीनच्या पोटात दुरुस्तीला पाच-सहा माणसं उतरतात. बाहेरून कोणी चुकून बटण दाबलं तर आतले सगळे मरतील. म्हणून आत जाण्याआधी प्रत्येक जण स्विचवर आपलं स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली जवळ ठेवतो. बाहेर आला की आपलं काढतो. एक जरी कुलूप राहिलं तरी मशीन चालू होत नाही, मग मालक येऊन उभा राहिला तरी. नामदेवने हे पावसाळ्यात शिकून घेतलं होतं.

“घोळीचे पैसे एकट्या नामदेवचे नव्हते,” वहिनी म्हणाल्या. “होडीचे होते, सगळ्यांचे. शब्द बारा, माणसं सहा. एसीची हवा खायला एकेक जण आत गेला आणि आपापले दोन शब्द पाठ करून बाहेर आला. बरोबर?”

जिव्याकाकाने मान हलवली.

म्हणजे ज्याला अख्खं बोईसर देवमासा समजत होतं, तो देवमासा नव्हताच. एका होडीतली सहा माणसं होती. मेहुलच्या तिन्ही पडद्यांना हे कळणं शक्य नव्हतं, कारण पडद्यावर खातं दिसतं, माणसं दिसत नाहीत. पुढचं वहिनींनी बोटांवर मोजून दाखवलं. मोठा तुकडा होडीचा, निम्मा जाळ्याचा, सहा सारखे सहा माणसांचे. मध्ये वेळ लागला, कारण जो तो आपलं नवं खातं शोधत होता. आणि एकही नाणं विकलं गेलं नाही, कारण विकायचं कोणाच्या मनातच नव्हतं. मंगळवारी होडी ओढायला सगळे एकत्र जमले आणि हंगाम संपल्यावर करतात तसे त्यांनी वाटे केले. ते पाहून आम्ही शहाणी माणसं घाबरलो आणि धडाधड विकत सुटलो.

हे ऐकताना माझ्या डोक्यात एकच गाठ उरली होती, आणि मी ती बोलून टाकली. बारातले दोन शब्द नामदेवकडे होते. त्याच्यावाचून खातं उघडलं कसं?

दिपेशने पहिल्यांदा नजर वर केली, आणि ती पुष्पलताकडे होती.

७

तिला ते आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं असावं. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं.

“कोकोनट, अंब्रेला,” ती म्हणाली. “मला बोलला होता, दिवा लावताना रोज म्हण, म्हंजे इसरायची नायस. मी बोलले, कसले रे? तर बोलला, माझ्या कुलपाची दुसरी किल्ली हाय ती.” मग दिराकडे वळली. “तू फोटूसाठी मागितलेस.”

दिपेशला बोलणं जड जात होतं, पण तो बोलला. जिव्याकाका विसरत चालला होता. गेल्या महिन्यात तो नातवाचं नाव विसरला. त्याचे दोन शब्द गेले असते तर सगळ्यांचाच घास गेला असता, आणि पावसाळाभर तो मुलीकडे वाणगावला राहायला चालला होता. नामदेवने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी नसलो तर माझे दोन शब्द पुष्पलताकडे आहेत.

“पन तुला खरं सांगून मागायचे म्हंजे दादा गेला असं तुझ्या तोंडावर बोलायला लागलं असतं,” तो म्हणाला. “ते आमच्या पाचांतल्या कोणाच्यानं होईना, वयनी.”

हिना रडायला लागली. काकाबद्दल काय काय मनात आणलं होतं ते आठवून रडत असावी, आणि बापासाठीही. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की भावाला बुडवणाऱ्याला शब्दांसाठी सहा महिने थांबावं लागलं नसतं, आणि त्याने बापाचा वाटा मुलीच्या मोबाइलवर पाठवला नसता.

पुष्पलता रडली नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती. कालच ती माझ्या पायरीवर बसून विचारत होती की हलवणारा आहे ना. आता उत्तर मिळालं होतं, आणि ते देणारी तीच होती.

“म्हंजे त्यानं नाय हलवली,” ती म्हणाली. “मी हलवली.”

मग तिने दिपेशला विचारलं की वाटे करताना हिनाच्या बापाचा वाटा कितवा काढला. सगळ्यात आधी, दिपेश म्हणाला. होडी-जाळ्याचे निघाले, आणि माणसांत पहिला त्याचा. फेरीला चढला होता ना. तिने मान डोलावली आणि पदराने उगाच जमीन पुसली.

मग ती वहिनींकडे वळली. “बाई, तुमच्या कारखान्यात येकादा मानूस कुलूप लावून आत गेला आन् परत आलाच नाय, तर त्या कुलपाचं काय करतात?”

वहिनींनी तिला फसवलं नाही. त्याचं कुलूप दुसऱ्या कोणी तोडायचं नाही असा नियम आहे, म्हणाल्या. आधी आत उतरून सगळीकडे बघतात. नावाने हाका मारतात. तरी सापडला नाही तर त्याच्या घरी फोन करून विचारतात. घरच्यांनी सांगितल्यावरच तोडतात.

“आत बगून झालं,” पुष्पलता म्हणाली. “हाका मारून झाल्या. घरी मातर मला कोनी इचारलं नाय.” तिने डोक्यावरचा पदर नीट केला. “तुमी इचारा.”

वहिनी तिच्यासमोर सरकून बसल्या आणि त्यांनी विचारलं.

“पुष्पाताई, नामदेव घरी आलेत का?”

ती त्या कुलपाकडे बघत होती. बाहेर शेजारचं कोणीतरी आपल्या होडीवरचं प्लास्टिक ओढून बांधत होतं, त्याचा आवाज येत होता.

“नाय आला,” ती म्हणाली. “तोडा.”

दिपेशने होडीच्या हत्यारांतून लोखंड कापायचं ब्लेड आणलं. कुलूप चांगलं होतं, लवकर कापलं जाईना. थोडं दिपेशने कापलं, थोडं बाकीच्या तिघांनी. जिव्याकाकाने दोन-चार हात मारले आणि आपण काय कापतोय ते विसरून थांबला, तेव्हा पुष्पलताने ब्लेड त्याच्याकडून घेतलं आणि शेवटचं तिने कापलं. मधल्या वेळात वाऱ्याने देवापुढचा दिवा विझला होता. कुलूप ओट्यावर ठेवून तिने हात धुतले आणि दिवा परत लावला. या खेपेला ती काहीच पुटपुटली नाही.